जांवई : एका टिंबाची हकीकत

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो नभोवाणीवरून सांगण्यास अगदींच गैरसोयीचा आहे. कारण तो विषय म्हणजे एक टिंब. तें डोळ्यांस दिसतें, परंतु आपणांपैकीं बहुतेकांच्या कानांस ऐकूं येत नाहीं. आणि आपण तर सर्व जण कान लावून बसलेले! तेव्हां प्रथम एक विनंति करतों. जवळ कागद-पेन्सिल असेल तर 'जावई' हा शब्द लिहावा, आणि त्यांतील 'जा' या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक टिंब द्यावें. झालें 'जांवई'. आपल्या आजोबा-पणजोबांनीं हा शब्द असाच लिहिला. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ सालच्या कोशांत तो असाच आहे. पुढें १९६२ सालीं लेखनाचे नवे नियम झाले आणि शाळेच्या पुस्तकांतून तें टिंब उतरलें. त्या टिंबांत काय सांठविलेलें होतें, तें गेल्यानें काय गेलें आणि काय मिळालें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

हा शब्द आला कोठून, तें आधीं पाहूं. मूळ संस्कृत शब्द 'जामातृ'. पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ हे जसे नात्याचे शब्द, तसाच हा त्यांच्या पंक्तीला बसणारा. प्रथमेच्या एकवचनीं त्याचें 'जामाता' असें रूप होतें. प्राकृतांत मधला 'त' गळाला आणि 'जामाउअ' असें रूप झालें. 'भ्राता' या शब्दाचा 'भाऊ' होतांनाहि 'त' असाच गळाला आहे. त्यानंतर पाळी आली 'म'ची. दोन स्वरांच्या मध्यें सांपडलेला 'म' पुढील काळांत सैल पडूं लागला. 'म' म्हणतांना ओंठ पुरते मिटावे लागतात. बोलणाराला तेवढी सवड राहिली नाहीं, ओंठ अर्धवटच मिटूं लागले, आणि 'म'चा 'व' झाला. पण 'म' हा नाकाच्या साहाय्यानें निघणारा वर्ण. ओंठांचें काम 'व'नें उचललें, तरी नाकाचें काम कोणीं करावयाचें ? तें शेजारच्या स्वरानें पत्करलें. तो स्वर सानुनासिक झाला, आणि लिहितांना त्याच्यावर टिंब आलें. बाराव्या शतकांतील जैन पंडित हेमचंद्र यांनीं आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश-प्रकरणांत 'म'चा असा सानुनासिक 'व' विकल्पानें होतो, हें कमल व भ्रमर या शब्दांचीं उदाहरणें देऊन नमूद करून ठेविलें आहे.

एकदां ही किल्ली हातीं आली म्हणजे मराठींतील कितीतरी कुलुपें उघडतात. 'नाम' या शब्दाचें 'नांव' झालें, 'ग्राम' या शब्दाचें 'गांव' झालें. 'आमलक' याचा 'आंवळा', 'श्यामल' याचा 'सांवळा', 'भ्रमर' याचा 'भोंवरा', 'कुमार' याचा 'कुंवर'. या प्रत्येक शब्दांत पूर्वीं एक 'म' होता. तो गेला आणि जातांना टिंब ठेवून गेला. जुन्या वाड्याची भिंत पडली तरी जोत्याचे दगड राहतात, आणि त्यांवरून खोली केवढी होती हें जाणता मनुष्य सांगूं शकतो. तशींच हीं टिंबें.

भाऊबंदांकडे पाहिलें तरी हीच साक्ष मिळते. गुजरातींत व बंगालींत तो 'म' अजून धडधाकट आहे. तेथें अनुक्रमें 'जमाई' आणि 'जामाई' असें म्हणतात. राजस्थानांत 'जंवाई' म्हणतात. कोंकणींत 'जांवय' म्हणतात, आणि तेथें तो स्वर आजहि नाकांतून उच्चारला जातो, हें आपण ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे. हिंदींतील 'दामाद' हा शब्द फारशींतून आलेला. वरवर पाहतां तो परका वाटतो. परंतु इराणी लोकांच्या अवेस्ता या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेंत 'ज़ामातर' असा शब्द आहे. तो आपल्या 'जामातृ'चा सख्खा भाऊ, आणि 'दामाद' हा त्याच घराण्यांतला. म्हणजे मराठी घरचा जांवई आणि इराणी घरचा दामाद हे शब्दांच्या नात्यानें एकाच पूर्वजाचे वंशज ठरतात.

आतां अर्थाकडे वळूं. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांत वायूला त्वष्ट्याचा जामाता म्हटलें आहे. म्हणजे देवांनाहि सासुरवाडी होती. पहिल्या मंडलांतील एकशेंनवव्या सूक्तांत याहून चमत्कारिक शब्द येतो, तो 'विजामातृ'. कवि इंद्राला आणि अग्नीला म्हणतो कीं, तुम्ही विजामात्याहून आणि बायकोच्या भावाहूनहि अधिक उदार आहां. हा विजामाता कोण ? निरुक्तकार यास्क सांगतात कीं, दक्षिणेकडील लोक द्रव्य देऊन मिळविलेल्या स्त्रीच्या नवऱ्यास या नांवानें ओळखतात. ज्याच्या वरपणांत कांहीं उणें आहे असा तो वर. गुणांची ही उणीव त्याला पैशानें भरून काढावी लागे, म्हणूनच त्याच्या औदार्याची उपमा. त्याच ठिकाणीं यास्कांनीं 'जामाता' या शब्दाची फोडहि दिली आहे : 'जा' म्हणजे अपत्य, आणि तें निर्माण करणारा तो जामाता.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती एवढ्यासाठीं कीं, त्या काळीं पैसा वराकडून वधूच्या बापाकडे जात असे, असा एक प्रघात येथें स्पष्ट दिसतो. मनुस्मृतींत सांगितलेल्या आठ विवाहांपैकीं आसुर विवाह तो हाच. आपल्याकडेहि कित्येक जातींत वरपक्षानें मुलीच्या बापास 'देज' देण्याची चाल होती. स्मृतिकारांनीं या चालीची निंदा केली, कारण तींत मुलीची विक्री होते. पुढें पैशाची दिशा उलटली. देजाच्या जागीं हुंडा आला आणि विक्री मुलाची होऊं लागली. पण जिला 'विजामाता' या शब्दानें वैदिक काळीं नाक मुरडलें जाई, तसली निंदा हुंडा घेणाऱ्याच्या वांट्यास आली नाहीं. उलट त्याचा मान वाढला. शब्द तोच राहिला. त्याच्याभोंवतीं देण्याघेण्याचें चक्र मात्र उलटें फिरलें.

मराठींत या शब्दाचे जे उपयोग आहेत, त्यांत हा मान आणि त्या मानाचा जाच, दोन्ही सारखेच भरलेले आहेत. घरांत तो 'जांवईबापू', किंवा नुसतेच 'बापू'. नातीचा नवरा 'नातजांवई'. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस त्याचा दिवाळसण. सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं अधिक मास येतो. त्या महिन्यांत जांवयाला विष्णूच्या ठिकाणीं मानून तेहतीस अनारशांचें वाण देतात. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीस बंगाल्यांत असाच सण होतो. त्याचें नांवच 'जामाई षष्ठी', आणि १९३१ सालीं निघालेल्या पहिल्या बंगाली बोलपटासहि हेंच नांव होतें. हा झाला मान. पण लग्नमंडपांतच वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, तो कशासाठीं ? पुढें मिळणाऱ्या मानाची किंमत आधींच थोडी वसूल करून घ्यावी, असाच त्यांत विनोद दिसतो. बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत विडा म्हणून गांव आहे. तेथें धुळवडीच्या दिवशीं जांवयाला गाढवावर बसवून गांवभर मिरवितात, आणि मिरवणूक संपली कीं त्यालाच कपड्यांचा आहेर करतात. थट्टा आणि आदर यांची इतकी उघड सांगड क्वचितच दिसेल.

म्हणी पाहाव्या तर त्याच तऱ्हेच्या. 'जांवई माझा भला आणि लेक बाईलबुद्ध्या झाला,' असें सासूबाई म्हणतात. दोघांचा अपराध एकच, बायकोचें ऐकणें. परंतु जांवई ऐकतो तें आपल्या मुलीचें, आणि मुलगा ऐकतो तें परक्याच्या मुलीचें! माणसाच्या न्यायबुद्धीचें इतकें नेमकें माप फार थोड्या म्हणींनीं घेतलें असेल. सासऱ्याच्या घरीं येऊन राहतो तो 'घरजांवई', आणि त्या शब्दांत मान मुळींच उरत नाहीं. काम न करतां दुसऱ्याच्या जिवावर खाणारा, किंवा तुरुंगांत बसून खाणारा, तो 'सरकारचा जांवई'. आणि निराधार तर्क मोठ्या ऐटीनें शोध म्हणून मांडला म्हणजे तो 'जांवईशोध'. संस्कृतांतील एका सुप्रसिद्ध सुभाषितानें तर जामात्याला नवग्रहांच्या पलीकडचा दहावा ग्रह ठरविलें आहे. हा ग्रह कन्या राशीस एकदां बसला कीं हलत नाहीं.

इतका सारा संसार ज्या शब्दाभोंवतीं उभा राहिला, त्यावरील टिंब कसें गेलें, तें आतां सांगतों. १९६१ सालीं मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानें सिद्ध केलेल्या लेखनविषयक नियमांस १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मान्यता दिली. प्रथम हे नियम चौदा होते. १९७२ सालीं आणखी चार येऊन ते अठरा झाले. त्यांत असें ठरलें कीं, ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाहीं तो देऊं नये, मग तो व्युत्पत्तीनें सिद्ध होत असो वा नसो. या एका वाक्यानें नांव, गांव, पांच, कांहीं, जांवई या सर्वांचीं टिंबें उतरलीं.

या नियमावर तोंडसुख घेणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. मीं स्वतः चौतीस वर्षें मुलांना मराठी शिकविलें आहे. ज्याचा उच्चार मुलाच्या कानांवर कधींच पडत नाहीं, असें टिंब पाठ करावयास लावणें हा मुलांवर जुलूम होता. शिवाय नव्या नियमानें एक खरा लाभ झाला. जुन्या पद्धतींत 'घरांत' असें लिहिलें म्हणजे एका घरांत कीं अनेक घरांत, हें कळत नसे. आतां एका घरासाठीं टिंब नाहीं आणि अनेक घरांसाठीं आहे, हा भेद डोळ्यांनीं दिसतो. तोटाहि झाला. मनुष्याचें 'नांव' आणि पाण्यांतील 'नाव' पूर्वीं निराळीं दिसत. आतां एकसारखीं दिसतात. 'जांवई' या शब्दाची तर मोठी मौज झाली. त्याच्या 'जा'वरील टिंब गेलें. पण आदरार्थीं बहुवचन केलें म्हणजे 'जावयांना', 'जावयांनी' असें 'या'वर टिंब आजहि द्यावेंच लागतें. म्हणजे कुळाचें टिंब गेलें आणि मानाचें टिंब राहिलें ! जांवयाच्या बाबतींत नियम करणारांनाहि मानाला हात लावतां आला नाहीं, असें कोणी गमतीनें म्हणूं शकेल.

परंतु या प्रकरणांत माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती सांगावी म्हणूनच मुख्यतः मी येथें आलों आहें. पंचवीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. मी देशावरील एका शाळेंत सातवीच्या वर्गाला शिकवीत होतों. तळकोंकणांतून पोटासाठीं वर आलेल्या एका कुटुंबांतील मुलगी वर्गांत होती. 'आमच्या घरचें लग्न' या निबंधांत तिनें सर्वत्र 'जांवई' असें टिंब देऊन लिहिलें होतें. मीं तांबड्या शाईनें तीं टिंबें खोडलीं आणि अर्धा गुण कापला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आमची आजी असंच म्हणते. नाकांतून म्हणते. तुम्हीच सांगितलंत, ऐकूं येतं तसं लिहावं." वर्ग हंसला. मीहि हंसलों. 'नियम तो नियम,' असें सांगून मीं तिला खालीं बसविलें. पुन्हां तिनें वर्गांत कधीं आपण होऊन हात वर केल्याचें मला आठवत नाहीं.

आज विचार करतां वाटतें कीं, नियम मला पाठ होता, पण नियमाचा अर्थ तिला कळला होता. उच्चार होत नाहीं तें टिंब देऊं नये, असें नियम सांगतो. पण उच्चार कोणाचा ? माझ्या आळींतला कीं तिच्या आजीचा ? ज्या घरांत तो 'म' आठशें-नऊशें वर्षें नाकांत जपून ठेवलेला होता, त्या घरच्या पोरीला मीं तो अस्तित्वांतच नाहीं असें सांगितलें. प्रमाणभाषा सर्वांसाठीं एक असावी, याबद्दल माझा वाद नाहीं. पत्रव्यवहार, परीक्षा, कायदे यांस ती हवीच. पण प्रमाण नाहीं म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे हंसण्याजोगें, ही उतरंड आम्हां मास्तरांनीं रचली. "तुझ्या आजीचा उच्चार खरा आणि जुना आहे, परीक्षेंत मात्र असें लिही," एवढीं दोन वाक्यें मीं त्या दिवशीं बोललों असतों, तर नियमहि राहिला असता आणि मुलगीहि उभी राहिली असती.

या गोष्टीची आठवण होण्याचें कारण गेल्या वर्षीं घडलें. माझे मेहुणे वारल्यानंतर माझ्या थोरल्या बहिणीनें जुन्या पत्रांची एक जुडी माझ्या हवालीं केली. त्यांत आमच्या वडिलांनीं आपल्या या जांवयाला लिहिलेलें १९७२ सालच्या दिवाळीचें पत्र होतें. तें वर्ष महाराष्ट्रांत मोठ्या दुष्काळाचें. आमची जमीन कोरडवाहू. खरीप बुडालेला आणि रब्बी पेरलेलीच नाहीं. लग्नांत कबूल केलेली अंगठी यंदाहि होत नाहीं, जांवईबापूंनीं राग मानूं नये, पुढल्या साली देवाच्या कृपेनें करूं, असा मजकूर. माझी नात शेजारीं बसून तें पत्र वाचीत होती. ती म्हणाली, "आजोबा, पणजोबांनी 'जावई' शब्द चार वेळा चुकवलाय." मीं मोजलें. चार ठिकाणीं शब्द होता आणि चारहि ठिकाणीं टिंब होतें. माझ्या हातांत तांबडी शाई असती तर मीं माझ्या वडिलांचे दोन गुण कापले असते !

बहिणीला मीं विचारलें कीं, अंगठी मागितली होती काय. ती म्हणाली, "यांनी कधी विषयसुद्धां काढला नाही. पण बाबांना ती गोष्ट लागून राहिली होती." मागणारा कोणी नव्हता, तरी देणारा लाजत होता. रूढीचें बळ तें हेंच. तिला तगादा करावा लागत नाहीं. ऋणको स्वतःच रात्रीं जागा राहतो. ती अंगठी वडिलांनीं तीन वर्षांनीं केली, आणि ती करण्यासाठीं घरची दुभती म्हैस विकली. मेहुण्यांनीं ती मुकाट्यानें घेतली. घेतली नसती तर वडिलांना अपमान वाटला असता, असें बहीण म्हणते. आणि तेंहि खोटें नसेल.

श्रोतेहो, येथें मला दोन साल शेजारीं शेजारीं दिसतात. १९६१ सालीं आपल्या देशांत हुंडाबंदीचा कायदा झाला. १९६२ सालीं टिंबांचा नियम झाला. दुसरा नियम आम्हीं किती झटपट पाळला ! थोड्याच वर्षांत पुस्तकें बदललीं, वर्तमानपत्रें बदललीं, मास्तर बदलले. जांवयाच्या डोक्यावरील टिंब कोणाची हरकत न येतां उतरलें. आणि पहिला कायदा ? मुलीच्या बापाच्या डोक्यावरील ओझें अजून सगळें उतरलेलें नाहीं. तें कोठें आहेर म्हणून, कोठें हौस म्हणून, कोठें मानपान म्हणून नांव बदलून बसलें आहे. टिंब खोडावयास तांबडी शाई पुरली. हें खोडावयास घरोघरच्या जांवयांनीं स्वतःच पुढें यावें लागेल. कारण ज्याच्या मानासाठीं म्हैस विकली जाते, त्यानेंच 'मला हा मान नको' असें वेळेवर आणि मोठ्यानें म्हटलें, तर सासऱ्याला अपमान वाटण्याचें कारण उरत नाहीं. माझे मेहुणे सज्जन होते. पण ते बोलले नाहींत. न मागणें हें अर्धेंच सौजन्य आहे. नको म्हणून सांगणें हें त्याचें उरलेलें अर्धें.

तेव्हां या टिंबाच्या हकीकतींतून मी आपणांस दोनच गोष्टी सुचवितों. आपल्या घरीं जुनीं पत्रें असतील तर तीं मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावीं, आणि त्यांतील टिंबांना चुका म्हणूं नये. तीं कोठून आलीं तें सांगावें. आणि कोणाच्या घरीं कोंकणांतील आजी असेल, तर तिच्या तोंडून एकदां 'जांवई' हा शब्द नीट कान देऊन ऐकावा. ज्या 'म'ला संस्कृतांतून निघून हजारो वर्षें झालीं, त्याचा शेवटचा नाद अजून तेथें ऐकूं येतो.

राहतां राहिली ती मुलगी. तिचें लग्न झालें असेल, आणि तिच्या माहेरीं आतां जांवई येत असेल. ती आज हें भाषण ऐकत असेल किंवा नसेल. तिचा अर्धा गुण मी आज सर्वांच्या साक्षीनें परत करतों. तिचें उत्तर बरोबर होतें.